सकाळी आठ, रात्री आठ

सांगली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते आहे. साताऱ्याला होस्टेलवर पोचून सामान लावून झालं की निवांत वाच. फोनवर तुझ्या अपस्माराच्या गोळ्यांचा विषय काढला की तू "हो गं आई, माहितीये" म्हणतेस आणि जेवलीस का ते मलाच विचारतेस. म्हणून लिहून देते. यातला फिट आल्यावर काय करायचं तो भाग खोलीतल्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी वाचायला दे.

या गोळ्यांनी अपस्मार बरा होत नाही. रक्तात त्यांचं प्रमाण पुरेसं असेल तोवर त्या फिट अडवून धरतात, एवढंच. प्रमाण खाली गेलं की फिट यायला वाट मोकळी होते. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीबद्दल आहे, खंड पडू द्यायचा नाही. खंड विसरल्याने पडतो, गोळ्या संपल्याने पडतो, उलटीने पडतो, दुसऱ्याच कुठल्या औषधाने पडतो. आणि "वर्षभरात काही झालं नाही, आता कशाला" असं मनात आलं की मुद्दामही पाडला जातो. या शेवटच्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. अचानक बंद केलेल्या गोळ्यांनी एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. गोळ्या कधी कमी करायच्या हे डॉक्टर ठरवतील. निदान दोन वर्षं एकही फिट न येता गेली की त्याचा विचार सुरू होतो, आणि तेव्हाही त्या काही महिन्यांत थोड्या थोड्या उतरवतात.

तुझ्या दोन्ही गोळ्यांचे स्वभाव वेगळे आहेत. लेव्हेटिरासिटाम ५०० झपाट्याने उतरते. सहा ते आठ तासांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा रात्री आठला जेमतेम तिसरा हिस्सा अंगात उरतो, आणि रात्रीची चुकली तर दुसऱ्या सकाळी दहावा. दिवसातून दोनदा घ्यायची ती यासाठी. लॅमोट्रिजिन १०० सावकाश उतरते, निम्म्यावर यायला तिला दिवसभर किंवा थोडं अधिकच लागतं. त्यामुळे एखादी चुकली तर ती सांभाळून घेते. तिची अडचण निराळी आहे, ती पुढे सांगते.

वेळ आठ आणि आठ. जेवणाशी बांधू नकोस, मेसचं जेवण कधी साडेसातला, कधी नऊला. दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात. फोनला दोन गजर लाव, आणि गोळी तोंडात गेल्याशिवाय गजर बंद करायचा नाही. सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे असलेला डबा दिला आहे. तो रविवारी संध्याकाळी भरायचा. गोळ्या पट्टीतून सोडवू नकोस, पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी वेष्टणासकट कप्प्यात ठेव. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या होतात आणि लॅमोट्रिजिनला दमट हवा चालत नाही. न्हाणीघरातल्या फळीवर किंवा खिडकीत डबा नको, कपाटात ठेव. डब्याचा खरा फायदा वेगळाच आहे. "घेतली की नाही" हा प्रश्न पडला तर कप्पा उघडून बघायचा, अंदाजाने दुसरी घ्यायची नाही.

एखादी गोळी चुकलीच तर आठवेल तेव्हा लगेच घे. पुढची वेळ साधारण चार तासांवर आली असेल तर मात्र चुकलेली सोडून दे आणि पुढची वेळेवर घे. दोनच्या चार कधीही करायच्या नाहीत. जास्त झाल्या की एकाचे दोन दिसतात, तोल जातो, गुंगी येते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि उलटीत गोळी दिसली तर ती परत घ्यायची. अर्ध्या तासानंतर झाली तर नाही. उलट्या थांबतच नसतील, पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, तर खोलीत पडून राहू नकोस. दवाखान्यात जा, लेव्हेटिरासिटाम शिरेतूनही देता येतं.

आता लॅमोट्रिजिनची अडचण. ही गोळी चालू करताना २५ पासून दोन-दोन आठवड्यांनी चढवत नेली होती, ते उगाच नव्हतं. एकदम मोठा डोस दिला तर अंगावर पुरळ उठतं, आणि क्वचित ते इतकं वाढतं की कातडी सोलली जाते. शरीराला एकदा सवय झाली की धोका बराच कमी होतो, पण मध्ये पाच दिवसांहून जास्त खंड पडला की ती सवय मोडते. मग पूर्वीच्याच १०० वर थेट परत जायचं नाही. आधी डॉक्टरांना फोन कर, ते पुन्हा खालून चढवायला सांगतील. केव्हाही अंगावर पुरळ आणि त्याबरोबर ताप, तोंडात किंवा ओठांवर फोड, डोळे लाल, मानेला गाठी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कॅलामाइन लावून सकाळपर्यंत थांबायचं नाही. तेव्हासुद्धा गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोल.

लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, रडू येतं, उदास वाटतं. फिटच्या कुठल्याही गोळ्यांनी क्वचित जीव नकोसा वाटण्यापर्यंत जाऊ शकतं. तसं काही मनात आलं तर तो तुझा स्वभाव नाही आणि तुझी चूकही नाही. रात्री दोन वाजले असले तरी मला फोन कर. दुसरी गोळी देता येते.

खरेदीचं सांगते. दोन्हींच्या महिन्याला साठ-साठ गोळ्या लागतात. तीस-तीस उरल्या की पुढच्या घ्यायच्या, शेवटच्या पट्टीची वाट बघायची नाही. हा पंधरा दिवसांचा साठा मी मुद्दाम सांगते आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. तसं पुन्हा झालं तर इथून मी तुला पार्सल पाठवू शकणार नाही आणि तूही येऊ शकणार नाहीस. मेडिकलमध्ये पट्टी हातात घेऊन तीन गोष्टी वाच: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, आणि नावापुढे ईआर, एक्सआर असं काही आहे का. तुझ्या गोळ्या साध्या आहेत. ईआर म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारी, तिचा हिशेब वेगळा, आणि ती चावायची किंवा कुटायचीही नसते. कंपनी शक्यतो तीच ठेव. जनऔषधी केंद्रातली घ्यायची असेल तरी हरकत नाही, पण मग दर महिन्याला तीच, आणि बदलताना डॉक्टरांना सांगून.

नावांचा घोळही होतो. लेव्हेटिरासिटाम आणि लेव्होफ्लॉक्सासिन घाईत वाचताना सारखंच दिसतं, आणि लेव्होफ्लॉक्सासिन तर फिट येणं सोपं करणारं अँटिबायोटिक आहे. त्याच्याच घराण्यातली सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन. जुलाब लागले की मेडिकलमधून सर्रास मिळते ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी तू मागून घेऊ नकोस. जुलाबाला आधी ओआरएस आणि डॉक्टर. दुखण्यावर ट्रामाडॉल असलेली गोळी नको. ताप आणि डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं. कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दातांच्यासुद्धा, बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच: "मला अपस्मार आहे आणि या दोन गोळ्या चालू आहेत." चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवला आहेच.

एक गोष्ट तुला इतर कोणी सांगणार नाही. पाळी अनियमित झाली, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या की इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लिहून दिल्या जातात. त्या गर्भनिरोधक म्हणूनही घेतात. या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं. तू एकही गोळी चुकवलेली नसतेस आणि तरी फिट येते. शिवाय ती गोळी बंद ठेवायच्या आठवड्यात प्रमाण परत वर जातं. म्हणून अशी गोळी सुरू करण्याआधी आणि बंद करण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारायचं. तुला वॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध का दिलं नाही असं तू विचारलं होतंस, त्याचं उत्तरही याच्या जवळचं आहे. औषध चांगलं आहे, पण गरोदरपणात ते चालू असेल तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात दोष आढळतात, आणि तीस ते चाळीस मुलं वाढीत, शिकण्यात मागे पडतात. दुसऱ्या गोळ्यांनी भागत असेल तर वयात आलेल्या मुलीला ते टाळतात. पुढे कधी तुझ्या मनात मूल असेल तेव्हा आधी डॉक्टरांना सांगायचं, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू होतं आणि लॅमोट्रिजिनचा डोस गरोदरपणात बहुधा वाढवावा लागतो. दिवस गेलेत म्हणून घाबरून गोळ्या बंद करणं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

लग्नाचं आत्ताच कशाला काढते, तर गोळी लपवण्याशी त्याचा संबंध आहे म्हणून. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा पूर्वी लग्नाला बाध आणणारा आजार धरला होता, तो १९९९ साली त्यातून काढून टाकला. तरीही घरोघरी मुलींना हे झाकायला सांगतात. झाकायचं म्हटलं की गोळीही चोरून घ्यावी लागते, आणि पाहुणे बसलेत, सासू समोर आहे म्हणून ती राहून जाते. तू होस्टेलवर कुणापासून लपवू नकोस. डबा टेबलावर दिसू दे.

झोप सात तास तरी हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मिळवलेले मार्क मला नकोत. हरतालिकेला निर्जळी उपास आणि रात्रीचं जागरण, दोन्ही तुझ्यासाठी नाही. पूजा कर, फळं खा, पाणी पी, वेळेवर झोप. नवरात्रात उपास केलास तरी गोळी म्हणजे अन्न नव्हे, ती घेतल्याने उपास मोडत नाही. दारू तर नकोच.

खोलीत दोन मजली पलंग असेल तर खालचा माग. अंघोळ स्टुलावर बसून, बादलीने, आणि कडी न लावता. दारावर पाटी अडकव. स्कूटीचा विषय सध्या बंद. लायसन्सच्या पहिल्याच अर्जात अपस्मार आहे का असं विचारतात आणि तिथे खोटं लिहायचं नाही. अजिंक्यताऱ्यावर सकाळी जरूर जा, कुणाला तरी बरोबर घेऊन. कासला फुलं बघायला जा. ठोसेघरच्या धबधब्याला मात्र कठड्याच्या आतच उभी राहा, आणि नदीत, विहिरीत, तळ्यात उतरायचं नाही.

आता मैत्रिणीसाठी. बेटा, हिला फिट आली तर आधी घड्याळात वेळ बघ. डोक्याखाली ओढणी घाल, जवळचं टेबल-खुर्ची बाजूला कर, चष्मा काढ, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल कर. हातपाय दाबून धरू नकोस. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी, काहीही घालू नकोस. जीभ गिळली जात नाही, उलट दात तुटतात, बोट चावलं जातं, पाणी फुप्फुसात जातं. कुणी कांदा किंवा चप्पल हुंगवायला आणली तर नको म्हण, त्याने काही होत नाही, वेळ जातो. झटके थांबले की तिला एका कुशीवर वळव, म्हणजे लाळ बाहेर येईल. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते. नंतर ती अर्धा तास गोंधळलेली असेल किंवा झोपेल, तिला एकटी सोडू नकोस आणि पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी देऊ नकोस.

पाच मिनिटं झाली आणि झटके थांबले नाहीत तर डब्याशेजारच्या निळ्या पाकिटातला मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे काढ. किती वेळा मारायचा ते डॉक्टरांनी पाकिटावर लिहिलं आहे. बाटलीप्रमाणे एका फवाऱ्यातलं औषध कमी-जास्त असतं, म्हणून दुसऱ्या कुठल्या बाटलीचा आकडा वापरू नकोस. नवी बाटली असेल तर आधी हवेत मारून फवारा नीट येतो का बघ. मग निम्मे एका नाकपुडीत, निम्मे दुसरीत. त्याच वेळी १०८ ला फोन. एक फिट थांबून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, श्वास नीट चालत नसेल, ओठ निळे राहिले, डोक्याला मार लागला किंवा ती पाण्यात पडली, तर पाच मिनिटंही थांबू नकोस, लगेच १०८. आणि मला फोन.

बाळ, वही दिली आहे तिच्यात तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी आणि पाळीची तारीख एवढंच लिही. पाळीच्या आसपास फिट वाढतात का ते डॉक्टरांना यावरूनच कळतं. हात नुसता दचकला, क्षणभर तंद्री लागली, तेही लिही. रक्तातलं प्रमाण तपासायला सांगितलं तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आणि मग गोळी घ्यायची, ती बरोबर घेऊन जा.

पाठीवरच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात सात दिवसांच्या जादा गोळ्या वेगळ्या आहेत, प्रत्येकी चौदा. बसमध्ये सामान डिकीत टाकलंस तरी सॅक मांडीवर घे. त्यांची मुदत पट्टीवर बघून ठेव, दिवाळीला आलीस की बदलू. डॉक्टरांची पुढची वेळ मिरजेला त्याच सुट्टीत घेतली आहे, वही घेऊन ये.

तुझी,
आई