टायरवाल्या मामांना, खानापूरच्या एस्टीमवाल्याकडून

मामा,

सप्रेम नमस्कार.

मोबाइल तुम्ही फक्त फोन उचलायला वापरता, त्यामुळे हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवील या भरवशावर लिहितोय. दुकानात समोर उभं राहून आभार मानायला गेलो की तुम्ही "ते राहू दे सर, हवा कधी बघितलासा?" म्हणून विषयच तोडता. म्हणून उघड पत्र. शिवाय बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुन्या गाड्या जपणारे पुष्कळ जण आहेत. मोठी चाकं घालायची हौस त्यांनाही असणार. माझ्यावर काय वेळ आली आणि तुम्ही ती कशी निभावलीत, हे त्यांच्याही कानावर गेलं पाहिजे.

ही मारुतीची एस्टीम गाडी बाबांनी 2003 साली घेतली. केए-22 पासिंग, पांढरी, पॉवर स्टीअरिंग नसलेली. अलॉय, म्हणजे मिश्रधातूची, चाकं घालायची हे बाबा तेव्हापासून म्हणत होते. आधी ताईचं लग्न आलं, मग माझं शिक्षण, मग घराचं छप्पर. प्रत्येक वेळी "पुढच्या वर्षी बघू." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की ही एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायची. गेल्या दिवाळीला केली. पण तुमच्याकडे आलो नाही, ही चूक मला आजही लागते. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथं 15 इंची चकचकीत अलॉय आणि 195/55 चे टायर दोन तासांत बसवून दिले. नटांची भोकं गाडीशी जुळत नाहीत म्हटल्यावर "स्पेसर टाकतो, सगळेच टाकतात" असं सांगितलं. बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि काही न बोलता चाकावरून हात फिरवला. मला तेवढं पुरे होतं.

पंधराच दिवसांनी गोव्यात साखळीला नात्यातल्या लग्नाला निघालो. पुढं मी आणि बाबा, मागं आई, आत्या आणि बायको, डिक्कीत आहेराच्या पिशव्या. जांबोटी मागं पडली आणि खड्डा आला की मागच्या डाव्या बाजूनं खर्र असा आवाज यायला लागला. पिशव्या घासत असतील असं वाटलं. कणकुंबीच्या अलीकडं रबर जळल्याचा वास आला. माउलीच्या देवळाजवळ गाडी थांबवून खाली वाकून बघितलं, तर टायरच्या खांद्यावर गोल फिरत गेलेली करंगळीएवढी खोल चीर. पुढं चोर्ला घाटाचा उतार होता. आत्याला मी "काही नाही, जरा चाक गरम झालंय" असं सांगितलं, पण माझे हात थरथरत होते. सगळ्यांना एसटीत बसवून दिलं आणि मी एकटाच तीसच्या वेगानं परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधीच मी तुमच्या दारात उभा होतो. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही की दुसरीकडं का गेलास. चहा सांगितलात, गाडी जॅकवर घेतलीत, चाक काढलंत आणि मला म्हणालात, "सर, हिकडं या. हात लावून बघा."

चाक काढलं तेव्हा आतली ती जाड प्लेट, म्हणजे तो स्पेसर, दिसली. प्लेट गाडीच्या स्टडवर, म्हणजे आटे असलेल्या खिळ्यांवर, स्वतःच्या चार नटांनी बसलेली, आणि चाक त्या प्लेटच्या स्टडवर. चाक उतरवल्याशिवाय आतले नट दिसतच नाहीत, त्यामुळं पंधरा दिवसांत ते कुणीच आवळले नव्हते. तुम्ही त्यातल्या एकाकडं बोट दाखवलंत. मी अंगठा आणि तर्जनीत धरला आणि तो फिरला. पान्याशिवाय, नुसत्या बोटानं. मामा, माझे आईवडील त्या चाकाच्या वर बसून घाटाकडं निघाले होते.

मग शटरवर खडूनं तुम्ही गणित मांडलंत. मी शाळेत रोज फळ्यावर गणितं लिहितो, पण चाकाचं गणित इतक्या सरळ मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. 175/70 आर 13 म्हणजे टायर 175 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची त्याच्या 70 टक्के, म्हणजे 122.5. ती वर एकदा आणि खाली एकदा, 245. त्यात 13 इंची रिमचे 330.2 मिळवले की चाकाची पूर्ण उंची 575.2. आणि मी घातलेलं 195/55 आर 15? 595.5. म्हणजे वीस मिलिमीटर जास्त. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी खरी 83 च्या आसपास पळत असते, हेही तुम्ही तिथंच काढून दाखवलंत.

पण घासण्याचं खरं कारण उंची नव्हती. एस्टीमची नटांची चार भोकं 114.3 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, नवीन अलॉयची 100 च्या. तो फरक झाकायला 25 मिलिमीटरची प्लेट आली आणि चाक तेवढं बाहेर ढकललं गेलं. टायर रुंद झाला त्याचे आणखी 10. म्हणजे टायरची कड आधीपेक्षा 35 मिलिमीटर बाहेर. रिकाम्या गाडीत ते कळत नाही. मागं तीन माणसं बसली, शॉकअप दबले, की मडगार्डची दुमडलेली धार सुरीसारखी टायरवर उतरते. "चाक बसतंय म्हणजे बसलं न्हवं सर. भरलेल्या गाडीत, पुरं वळवून, खड्ड्यात बसतंय काय, ते बघायला पायजे." तुमचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मोठं चाक खड्डे जास्त सोसतं असं मला वाटायचं. खानापूर रस्त्यावर रोज येणंजाणं, म्हणून तेही एक कारण मी मनात धरलं होतं. तुम्ही दोन्ही टायर शेजारी उभे केलेत आणि रिमपासून जमिनीपर्यंत बोटांनी माप घेऊन दाखवलंत: 122 चं रबर 107 वर आलेलं. धातू वाढला, रबर घटलं, मग खड्डा थेट रिमला लागणार. गाडी लावताना स्टीअरिंग ओढून माझे खांदे का भरून यायचे, तेही तेव्हाच कळलं.

मडगार्डची धार आत ठोकून घ्या असं मीच सुचवलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. वीस वर्षांचा रंग, ठोकलं की तडकणार, आणि आपल्याकडच्या पावसात त्या तड्यातून पाणी शिरलं की दोन वर्षांत पत्रा खाऊन टाकणार. मग तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "माझं ऐकाल तर तेरावरच रहा. कंपनीनं दिलंय ते विचार करून दिलंय." त्या क्षणी तुम्ही मला नवीन काहीही विकत नव्हता. जुनी लोखंडी चाकं माझ्या घरी माडीवर होतीच, तीच घालून दिली असती आणि मी गेलोही असतो.

पण मी बाबांचं सांगितलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "चौदा घालू. पण माझ्या पद्धतीनं."

ती पद्धत आठ दिवस चालली, आणि खरं सांगायचं तर हे पत्र त्या आठ दिवसांसाठी आहे.

आठ भोकांचं, 100 आणि 114.3 दोन्हीला चालणारं, साडेपाच इंच रुंदीचं 14 इंची अलॉय तुम्ही शोधून आणलंत, म्हणजे प्लेटीचं कामच उरलं नाही. टायर 175/65 आर 14, कंपनीच्या टायरइतकाच रुंद. उंची 583.1, म्हणजे जेमतेम 8 मिलिमीटर जास्त, त्यातले वर चारच. भार पेलायचा सांकेतिक आकडाही तोच, 82. टायर आले तेव्हा बाजूवरचा चार आकडी शिक्का आधी मला वाचायला लावलात: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. दिवाळीत "नवीन" म्हणून मला दिलेल्या टायरवर 1417 होतं. 2017 चा चौदावा आठवडा. मी ते तोवर वाचलंच नव्हतं.

आणि ती रिंग! अलॉयचं मधलं भोक 73.1 चं, एस्टीमचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 60.1 चा. मधे साडेसहा मिलिमीटरची मोकळी जागा राहते. चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं, आणि जरा सरकून बसलं की ऐंशीच्या पुढं स्टीअरिंग थरथरतं. बाजारात प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात, पण बरोबर मापाची मिळेना. तेव्हा तुम्ही मला स्कूटरवर मागं बसवून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमच्या मित्राच्या लेथवर नेलंत. आपल्या गावाची हीच तर श्रीमंती आहे. देशभरच्या गाड्यांचे आणि मशीनचे भाग जिथं ओतले आणि कातले जातात, तिथं माझ्या जुन्या गाडीसाठी चार रिंगा कातल्या गेल्या. ॲल्युमिनियमचा गोळा लेथवर फिरत होता, चांदीसारखी सळसळती कातण खाली पडत होती, आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी मशीन थांबवून व्हर्नियर लावत होता. रिंगेचं आतलं भोक 60.1 ऐवजी 60.3 झालं. तुम्ही मान हलवलीत आणि ती रिंग बाजूला ठेवलीत. नवा गोळा. तुमच्या मित्रानंही कुरकुर केली नाही. दुकानात परत येऊन बोटभर ग्रीस लावून रिंग हबवर ठेवलीत, तळव्यानं एकदा दाबलंत, आणि ती जाऊन बसली. ना ढिली, ना घट्ट. तो बारीक "टप" आवाज मला अजून ऐकू येतो.

नट तुम्ही हातानं चढवलेत आणि आटे मोठ्यानं मोजलेत. नऊ पूर्ण भरले तेव्हाच पाना हातात घेतलात. समोरासमोरचे नट, मग उरलेले समोरासमोरचे, शेवटी टॉर्क पान्यानं, खट् वाजेपर्यंत. तुमच्याकडं शिकणाऱ्या पोराला तुम्ही नट आवळायची हवेवरची गन हातात घेऊ दिली नाहीत.

परीक्षा तर कुठल्याही दुकानात बघितली नव्हती. चारी मडगार्डच्या धारेवर आतून ओल्या खडूचा जाड थर दिलात. मागं तुमची तीन पोरं, डिक्कीत तुमच्या घरची तांदळाची दोन पोती, पुढं बाबा. येळ्ळूरवरून राजहंसगडाच्या चढावर, मुद्दाम खराब रस्त्यानं, प्रत्येक वळणावर स्टीअरिंग पुरं कापत. परत आल्यावर तुम्ही गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात चारी चाकं बघितलीत. खडू जसाच्या तसा होता, कुठंही पुसला नव्हता. बाबांना तुम्ही हात धरून खाली बसवलंत आणि दाखवलंत. बाबा म्हणाले, "हे असं काम मी पूर्वी बघत होतो."

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आवडणार नाही तरी. चिरलेले दोन टायर मी विकून टाका म्हणालो होतो, निदान थोडे पैसे सुटतील म्हणून. तुम्ही सुरी घेतलीत आणि दोन्ही टायरांच्या बाजू आरपार कापल्यात. "हे घासून काळं करून कुणीतरी गरिबाला घालणार." त्या चार प्लेटीही तुम्ही हातोड्यानं वाकवून फौंड्रीच्या भंगारात दिल्यात. मी पैसे विचारले तेव्हा लेथच्या मजुरीची चिठ्ठी दाखवलीत, अलॉय आणि टायर खरेदीच्या बिलावर थोडंसं चढवून लावलेत, आणि त्या आठ दिवसांचे धरले नाहीत. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

तुम्ही सांगितलं तसं 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घेतले. विमा कंपनीला बदलाचं पत्र लिहून पोच घेतली. हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर बघतो. स्टेपनी जुनीच तेरा इंची आहे, ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, हेही लक्षात आहे.

गेल्या महिन्यात चोर्ल्यातून पुन्हा साखळीला गेलो. तीच माणसं, तेवढंच सामान. कणकुंबीला माउलीसमोर गाडी थांबवली, आईनं नारळ फोडला. एक खोबऱ्याची कवड तुमच्या नावाची म्हणून तिनं वेगळी काढून घरी आणली होती. ती टिकणार नव्हती, म्हणून तिनं त्याच्या वड्या केल्या आहेत.

नव्या चाकांवर गाडीचे पाच हजार किलोमीटर होत आले. येत्या रविवारी पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून घ्यायला येतो. बाबाही येणार आहेत, त्यांना लेथ बघायचाय. वड्या घेऊन येतोय. घ्यायला नको म्हणू नका.

तुमचा,
खानापूरचा मास्तर, पांढऱ्या एस्टीमवाला