मुक्ता, ग्रुपवरचं लोकेशन बंद कर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

निघताना बाबांशी जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. पण रागाच्या भरात तू घरच्या ग्रुपवर थेट लोकेशन टाकलंस, वर ‘घ्या, बघत बसा’ असं लिहिलंस, आणि मॅप्समध्ये आम्हा दोघांना ‘बंद करेपर्यंत’ची परवानगी देऊन टाकलीस. बाबा खूश आहेत. मी नाही. ग्रुपवरचं आधी बंद कर, बाकीचं पत्र मग वाच.

व्हॉट्सॲपच्या थेट लोकेशनला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. तू ८ तासवालं टाकतेस, संपलं की परत टाकतेस. मुदत संपली म्हणजे सगळं पुसलं गेलं असं नाही. जिथून सुरू केलंस त्या जागेचं छोटं चित्र चॅटमध्ये तसंच राहतं. खोलीवर बसून सुरू केलंस, तर खोलीचा पत्ता ग्रुपवर कायमचा लागला. त्या ग्रुपात कोण कोण आहे ते एकदा वाचून काढ. विनयकाकांचे ते भागीदार अजून आहेत. मंजूआत्याचा जुना नंबरही आहे, आणि तो फोन हल्ली तिच्याकडे नसतो. संदेश वाटेत कुलूपबंद असतात हे खरं, पण ज्याला पाठवले त्याच्याकडे ते उघडेच असतात ना!

दिवसा तू कुठे फिरतेस याची मला तेवढी चिंता नाही. रात्री तुझा फोन कुठे झोपतो, तेवढं कोणाला कळू नये. रात्री अकरा ते पहाटे पाच जिथे फोन हलत नाही ते घर, सकाळी दहानंतर जिथे थांबतो ते ऑफिस. ही जोडी हाती लागली की नावाची गरज उरत नाही. २०१३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये द मॉन्जॉय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी, नावं काढून टाकलेल्या. जागा टॉवरइतकी ढोबळ, वेळ तासाइतका ढोबळ. तरी चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या. तुझ्या आठ तासांत नोंदी किती होतात ते तूच मोज.

टॉवरला कळणं मात्र तुला थांबवता येणार नाही, त्यासाठी उगाच फोन बंद-चालू करत बसू नकोस. तुला फोन यायचा तर तुला कुठल्या भागात हाक मारायची हे नेटवर्कला ठाऊक असावंच लागतं. म्हणून फोन नुसता पडून असला तरी भाग बदलला की हजेरी लावतो, आणि बदलला नाही तरी अधूनमधून लावतो. बोलणं किंवा डेटा चालू असताना तर टॉवर अंतरही मोजतो, कारण दोघांची वेळ जुळवल्याशिवाय सिग्नल एकमेकांवर आदळतात. जुन्या जीएसएममध्ये, म्हणजे टूजीत, या मोजपट्टीची एक पायरी सुमारे ५५० मीटरची होती. फोरजीत ती सुमारे ७८ मीटरवर आली. माल्टे श्पिट्झ या जर्मन राजकारण्याने आपल्याच मोबाइल कंपनीशी भांडून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्या ३५ हजारांहून जास्त निघाल्या. २०११ साली त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्याची झोप, प्रवास, सभा सगळं सरळ दिसत होतं. पण कंपनीकडच्या नोंदींना निदान कायद्याची काहीतरी वेसण असते. माझी खरी धास्ती आहे ती तू स्वतः ‘अलाऊ’ म्हणून दारात घेतलेल्या ॲप्सची.

एक गैरसमज तुझ्या भावाचाही आहे, म्हणून सांगते. जीपीएसच्या उपग्रहांना तू कुठे आहेस हे कळत नाही. फोन त्यांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि आपली जागा आपण काढतो. गुपित फुटतं ते पुढे, ती जागा ॲप इंटरनेटवरून पाठवतं तेव्हा. म्हणून विमान मोड लावला की आपण अदृश्य झालो असं निनाद समजतो ते चूक आहे. ॲप जागा टिपून ठेवतं आणि नेट आल्यावर पाठवून मोकळं होतं.

आता फोन हातात घे. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, पण सेटिंग्जमध्ये लोकेशन, त्यात ॲप परमिशन्स. वरच्या गटात ‘सतत परवानगी’ असलेली ॲप्स दिसतील. तिथे हरवलेला फोन शोधणारं ‘फाइंड हब’ (पूर्वीचं ‘फाइंड माय डिव्हाइस’) यासारखं काही सोडलं तर कोणीच नको. मॅप्स, टॅक्सी यांना ‘ॲप वापरताना’. हवामान, बातम्या, खरेदी यांना हवीच असेल तर ‘वापरताना’ आणि आत जाऊन ‘अचूक लोकेशन’ बंद. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे. मग ॲपला जागा सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या ढोबळपणाने मिळते. पाऊस येणार का हे सांगायला तेवढं पुष्कळ झालं. टॅक्सीला मात्र अचूक लागतं, नाहीतर गाडी भलत्याच गल्लीत उभी राहते आणि मग माणसं वैतागून सगळ्यांनाच सगळं देऊन टाकतात. तिथेच घोटाळा होतो. गेमला, कीबोर्डला, फोटो सजवणाऱ्या ॲपला लोकेशन देऊच नकोस.

त्याच लोकेशनच्या पानावर ‘लोकेशन सर्व्हिसेस’मध्ये ‘वाय-फाय स्कॅनिंग’ सापडेल. वाय-फाय बंद केलं तरी हे चालू असेल तर फोन आजूबाजूच्या राऊटरची नावं हुंगत राहतो, आणि कुठला राऊटर कुठे आहे याच्या याद्या मोठ्या कंपन्यांकडे तयार असतात. बंद कर. तोटा एवढाच, की इमारतीच्या आत निळा ठिपका थोडा भरकटेल.

मग सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ॲड्स’ टाईप कर आणि ‘जाहिरात आयडी हटवा’ दाब. ‘रीसेट’ नको, त्याने नुसता नवा क्रमांक मिळतो. हटवलास की ॲप्सना क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं दिसतात. वेगवेगळ्या ॲप्सनी गोळा केलेले तुकडे एकाच फोनचे आहेत हे जुळवायला अशी माहिती विकणारे दलाल हाच क्रमांक वापरतात. २०१९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी अशाच एका संचाचा अभ्यास छापला होता. १ कोटी २० लाखांहून जास्त फोन, ५० अब्जांहून जास्त नोंदी. नाव एकाचंही नव्हतं. तरी फोन रात्री कुठे थांबतो ते बघून त्यांनी माणसं ओळखली. परत रात्रीच आली बघ. मी मुद्दाम आणत नाही गं, पण प्रत्येक वाट तिथेच जाते.

खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो छान आला आहे. स्टेटसला मात्र ठेवू नकोस. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन टॅग’ चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश बसतात. अंशाच्या दशांशचिन्हापुढे चार अंक असले तरी जागा साधारण ११ मीटरपर्यंत पक्की होते, आणि फोन त्याहून जास्त अंक लिहितो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवलास तर ही माहिती गाळली जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलास किंवा ईमेलला जोडलास तर जशीच्या तशी जाते. आणि ती गाळली तरी खिडकीतून दिसणारी पाटी कोण गाळणार?

फार झालं का? शिकवायला बसले की मला थांबता येत नाही, आजी म्हणते ते खोटं नाही. त्यात तुला हे सांगायचं म्हणजे कहरच. नववीत असताना टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले, तर तू बाबांना विचारलं होतंस, ‘याला उजेड पाडायला आजीचा नंबर कशाला हवा?’ ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगत सुटले होते. तेव्हा तुझी वेणी आजी घालायची, आणि तू फोन धरून तिच्यापुढे बसायचीस, मान न हलवता. असो. माफ कर. एवढं बोलून पुढचं सांगतेच, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

दूरच्या कंपनीपेक्षा जवळचा माणूस जास्त बघू शकतो. खोलीत नवीन मुली आहेत, चांगल्याच असतील, मी कोणाचं वाईट चिंतत नाही. पण उघडा फोन मिनिटभर मिळाला तरी पुरतो. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात आणि तुझा फोन बंद असला तरी ती चालतात. ते पान दर आठवड्याला उघड. ओळखीचं नसेल ते लॉग आउट कर. मॅप्समध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ही बघ, तिथे तू न दिलेलं नाव असता कामा नये. कुलूप सहा आकड्यांचं ठेव. चारला दहा हजार शक्यता, सहाला दहा लाख. बोटाचा ठसा सोयीचा आहे, पण झोपलेल्या माणसाचं बोटही चालतं. पॉवर बटणाच्या मेनूत ‘लॉकडाउन’ असेल तर रात्री तेवढं दाबत जा, मग पुढच्या वेळी पिनशिवाय फोन उघडत नाही. बंद पडद्यावर ओटीपी वाचता येत असेल तर कुलपाला अर्थ नाही. नोटिफिकेशन्समध्ये ‘संवेदनशील मजकूर लपवा’ कर.

पाळत ठेवणारं ॲप कोणी टाकलं असेल तर ते बहुधा नावानिशी दिसत नाही. ‘सिस्टम सर्व्हिस’ असल्या नावाने बसतं. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये तू न लावलेलं काही चालू आहे का, ‘डिव्हाइस ॲडमिन’मध्ये अनोळखी नाव आहे का, ॲप्स तपासणारं गूगलचं ‘प्ले प्रोटेक्ट’ आपोआप बंद झालंय का, हे बघ. बॅटरी लवकर उतरते म्हणजे पाळत आहे, असं मात्र धरू नकोस. बॅटरी सगळ्यांचीच उतरते. आणि तसं काही सापडलंच, तर रागाने लगेच काढून टाकू नकोस. ज्याने टाकलं त्याला ते गेल्याचं लगेच कळू शकतं, आणि पुरावाही जातो. दुसऱ्याच्या फोनवरून मला फोन कर. तुझ्या फोनवरून नको.

बॅगेत नाण्याएवढी चकती टाकून माग काढणं तर आणखी सोपं. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’त ‘अनोळखी ट्रॅकर’ आहे, तिथून हाताने शोध घेता येतो. त्या वेळी ब्लूटूथ आणि लोकेशन चालू लागतं. २०२४ च्या मे महिन्यापासून ॲपल आणि गूगलने सूचनेची समाईक पद्धत आणली आहे, त्यामुळे अँड्रॉइडला ॲपलची चकती, म्हणजे एअरटॅगही कळतो आणि आयफोनला त्या पद्धतीने चालणारे इतर ट्रॅकरही.

सुधामावशीला वाटतं फोन तिचं बोलणं ऐकतो, आणि म्हणून ती डब्यात फोन ठेवून बोलते. तिला सांगू नकोस, पण डब्याने काही होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली, तर गुपचूप माइक चालू करणारं सापडलं नाही. काही ॲप्स पडद्यावरचं चित्र बाहेर पाठवताना मात्र सापडली. मावशीला साडीची जाहिरात दिसते, कारण तिच्याच वाय-फायवर तिच्या सुनेने साड्या शोधलेल्या असतात.

आमच्या मॅप्सचं काय ते सांगते. बाबांना मी समजावलं आहे, ते फुगून बसले आहेत, बसू देत. ‘बंद करेपर्यंत’ काढून टाक. रात्री उशिरा निघालीस तर त्या प्रवासापुरतं, एक तासाचं दे. मॅप्सवर नुसती जागा दिसत नाही, बॅटरीसुद्धा दिसते. काल तुझी १४ टक्के दिसत होती आणि मी बाराच्या पुढे ती बघत बसले. १४ ची ९ झाली, मग चार्जिंगचं चिन्ह आलं, मग मी दिवा मालवला. आईने बघू नये असं नाही, पण माझा फोन कोणाच्या हातात पडला तर त्यालाही हेच दिसेल. पोहोचलीस की एक ओळ टाकत जा. नाही टाकलीस तरी मी विचारणार नाही. म्हणजे, दोन तास तरी विचारणार नाही.

एक राहिलं. सिमला पिन लाव. फोनचं कुलूप कितीही भक्कम असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुझे ओटीपी त्याला मिळायला लागतात. सेटिंग्ज, सिक्युरिटी, सिम लॉक. आधी कंपनीचा मूळ पिन मागेल. तो अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा क्रमांक, मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. दोन्ही कंपनीकडून आधी विचारून घे, मग बदल. त्याच वेळी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, १५ आकडे कागदावर उतरव आणि तो कागद फोनच्या खोक्यात न ठेवता दुसरीकडे ठेव.

सिमचा पिन बदललास की कळव. पिन मात्र कळवू नकोस, मलाही नाही आणि बाबांनाही नाही.

तुझी,
आई