नगरच्या नर्सरीवाल्या काकांना, मला गुलाब विकला नाहीत म्हणून

रामराम काका,

तुमचा नंबर घ्यायचा राहिला म्हणून इथेच लिहितेय, नातू दिवसभर मोबाईलमधे डोकं घालून बसतो असं तुम्हीच सांगत होतात, तोच दाखवेल. मी ती जूनमधे भर पावसात आलेली पुण्याची बाई, आईपप्पांच्या कबरीवर लावायला सहा गुलाब द्या म्हणणारी.

तुम्ही गुलाबाला हात लावायच्या आधी विचारलंत, "ताई, पाणी कोण घालणार?" खरं सांगू, राग आला होता. कारण उत्तर द्यायची लाज वाटत होती. वर्षातनं तीनदा येते मी, ईस्टरच्या पहाटे, आईच्या वर्षदिवसाला आणि जमलं तर नाताळात. त्याआधी दोन वर्षं गुलाब झाले, मोगरा झाला, जास्वंद तर शेळ्यांनी आठवड्यात साफ केली, आणि ईस्टरला अंधारात मेणबत्त्या लावायच्या आणि उजाडलं की त्या वाळक्या काड्या दिसायच्या, शेजारची लोकं बघतायत असं उगाच वाटायचं. नगरला (अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच येतं) वर्षाला पाऊस पडतो तो जेमतेम ५५०-६०० मिलिमीटर, तिथे गुलाब तीन फेऱ्यांवर कसा जगणार, हे साधं गणित मी केलंच नव्हतं.

तुमचं गणित सोपं होतं, शेळी ज्याला तोंड लावत नाही तेच न्या. सदाफुली, कोरफड आणि ते काटेवालं, लाल बारक्या फुलांचं. त्याला इंग्रजीत क्राऊन ऑफ थॉर्न्स म्हणतात, येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुकुट, हे मी सांगितलं तर तुम्ही "असं होय" म्हणून एक रोप फुकटच पिशवीत टाकलंत. वर चीक डोळ्यात जाऊ देऊ नका हेही दोनदा बजावलंत. चाफा मात्र मागूनही दिला नाहीत, मोठा झाला की चौथऱ्याला त्रास देईल म्हणून.

आणि मातीचं. आमच्या कबरस्थानात काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तुम्ही म्हणालात निम्मा मुरूम मिसळा, वाफा वीतभर उंच करा नाहीतर सदाफुलीची मुळं कुजतील, आणि वरून खडी पसरा म्हणजे काँग्रेस गवत कमी येईल. मी मडकं पुरून ठिबकासारखं करू का विचारलं तर हसलात, "मडकं कोणीतरी घरी नेईल ताई." खडीची गोणी तुम्हीच रिक्षात चढवलीत, आणि कंबरेचा पट्टा बांधलेला मला तेव्हा दिसला, सॉरी.

एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. तुम्ही सदाफुलीची रोपं काढत होतात आणि मी गप्प झाले ना, तुम्हाला वाटलं भाव पटला नाही, दहा रुपये कमी पण केलेत. आईला लिम्फोमा होता, एक प्रकारचा कॅन्सर. तिच्या केमोत व्हिनक्रिस्टिन नावाचं औषध असायचं, ते या सदाफुलीतूनच काढतात. प्रत्येक सायकलला ती बाटली लटकलेली बघितलीये मी, आणि ते फूल तिच्या उशाशी लावायचं म्हणजे कसंतरीच वाटलं. पण लावलं. का ते अजून नीट सांगता येत नाही.

या ईस्टरला गेलो तर सगळी जिवंत! एकही पाणी मी घातलेलं नाही. कोरफड जरा तांबूस पडलीये उन्हानं, पण टणक आहे. सदाफुलीनं बी टाकलंय आणि बाजूच्या जुन्या कबरीच्या फटीत दोन रोपं आलीयत, तिथलं नावही पुसलंय, कोणी येत नाही बहुतेक, म्हणून उपटली नाहीत.

दहा रुपये तुमचे देणं लागते. आणि कोरफडीला पिल्लं आलीत, काकूंना हवी होती म्हणालात ना, जूनमधे चार घेऊन येते.

तुमची पुण्याची ताई