ताई, 'ने' आणि 'ला' साठी थँक्यू

ताई,

हे खरं तर मेसेजमध्येच पाठवणार होतो, पण लिहायला बसलो आणि संपेचना, मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहितो, म्हणजे कर्णबधिर मुलांना वाचायला-लिहायला शिकवणारे आणि त्या मुलांचे आईबाबा यांच्यापर्यंत पण पोचेल. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. खुणांच्या भाषेतली तुमच्या नावाची खूण ज्यांना येते ते ओळखतीलच.

तुम्ही स्वतः कर्णबधिर आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका. मी तिथे नवीन होतो तेव्हा तिसरीच्या वह्या बघून मला फार बरं वाटायचं. काय ते अक्षर! काना, मात्रा, जोडाक्षरं सगळं जागच्या जागी, फळ्यावरचं उत्तर जसंच्या तसं उतरवलेलं, आणि मी प्रत्येक पानावर छान छान लिहीत सुटलेलो. मला खरंच वाटायचं पोरं शिकतायत. मग एक दिवस तुम्ही माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलात आणि तास संपल्यावर पुस्तक हातात घेतलंत, चित्रावर तळहात ठेवून ते झाकलंत आणि एकेका मुलाला खालचं वाक्य दाखवून म्हणालात, करून दाखव. वाक्य साधं होतं, मांजर टेबलाखाली बसलं आहे. सातपैकी पाच जणांनी मांजर टेबलावर बसवलं. मांजर माहिती, टेबल माहिती, बसणं माहिती, मग मांजर आपलं बसतंय टेबलावर. तो 'खाली' कोणाला दिसलाच नव्हता, कारण इतके दिवस तो चित्रात दिसत होता आणि वाचायची गरजच पडली नव्हती. तुम्ही मला काहीही बोलला नाहीत, फक्त पुस्तक परत दिलंत. मी घरी जाऊन सगळ्या वह्या परत उघडल्या आणि मला कळलं की मी इतके महिने मुलांकडून चित्रकला करून घेत होतो, अक्षरांची.

तेव्हापासून जे काही शिकलो ते तुमच्याकडून, हे मला नीट सांगायचंय.

सगळ्यात आधी ते 'ने' आणि 'ला'. तुम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहिलीत. मुलीने मुलाला ढकललं. मुलीला मुलाने ढकललं. आणि विचारलंत कोण पडलं? दोन्ही वेळेला मुलं म्हणाली मुलगा. पहिली मुलगी दिसली म्हणजे ढकलणारी मुलगीच, हा त्यांचा हिशोब, आणि त्यात वेडेपणा काहीच नाही, शेवटी चिकटलेलं ते एक अक्षर सोडलं तर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. मी त्यावर काय करत होतो तर प्रथमा, द्वितीया, तृतीया असा तक्ता पाठ करून घेत होतो! तुम्ही मुलीला हवेत डाव्या बाजूला ठेवलंत, मुलाला उजव्या बाजूला, आणि ढकलायची खूण डावीकडून उजवीकडे नेलीत. कोणी कोणाला हे साइनमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत, हाताच्या दिशेवरूनच कळतं आणि आमची पोरं ते दिवसभर मैदानात एकमेकांच्या तक्रारी सांगताना वापरतच असतात. मग खडू घेऊन, हात जिथून निघाला तिथे 'ने' लिहिलंत आणि जिथे पोचला तिथे 'ला'. बस. मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. जी गोष्ट त्यांना हातात येतच होती तिला कागदावर काय म्हणतात एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि आम्ही ते सोडून बाकी सगळं सांगत होतो.

हा नियम सगळीकडे चालत नाही हे पण तुम्हीच सांगितलंत. पुढच्या आठवड्यात 'मुलाने पळाला' सुरू झालं, 'मीने वाचलं' सुरू झालं, आणि मी घाबरून तुमच्याकडे आलो तर तुम्ही खूश! कारण चूक करतोय म्हणजे नियम धरलाय, उतरवणारं मूल असली चूक करतच नाही. 'त्याला ताप आला' वर मी अडलो होतो, इथे कोणी कोणाला काय केलं? तर तुम्ही ताप लांबून चालत आणलात आणि त्या मुलापर्यंत पोचवलात, ला. मी मराठी बोलतच मोठा झालो आणि मला हे कधी दिसलं नव्हतं.

तशाच त्या घडीच्या पट्ट्या. घोडा हा शब्द मुलांना येतो, पण 'घोड्यावर' बघितलं की तो त्यांच्यासाठी नवाच प्राणी असतो. ऐकणारं मूल शाळेत यायच्या आधीच घोड्यावर, घोड्याचा, घोड्याला हे इतक्यांदा ऐकून आलेलं असतं की सामान्यरूप नावाचं काही असतं हे त्याला कोणी सांगावंच लागत नाही. आमच्या मुलांना ते डोळ्यांनीच मिळायचं, दुसरा रस्ताच नाही. तुम्ही कागदाच्या पट्टीवर घोडा लिहून शेवटी अशी घडी घालायचात की घडी मिटली की 'डा' झाकला जाऊन 'ड्यावर' येतो, मूल शंभरदा उघडतं मिटतं आणि त्याला दिसतं की हा तोच घोडा आहे. पाणी पाण्यात, मुलगा मुलाने. आता आमच्याकडे अशा पट्ट्यांचा एक अख्खा डबा आहे, त्यातल्या निम्म्या मुलांनीच बनवल्यात.

आणि ती श्रवणयंत्रवाली मुलगी. तिला ऐकू येतं, हाक मारली की वळून बघते, बोलते पण बऱ्यापैकी, म्हणून मी धरून चाललो होतो की तिला सगळं समजतंय आणि ती लिहिताना जे सोडते ते आळशीपणाने सोडते. तुम्ही मला तिचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, घेऊन बसवलंत. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरात असतात ते तिला मिळतात, पण स, श, फ सारखे आवाज वरच्या पट्टीत आणि हलके, ते तिच्यापर्यंत येतच नाहीत, आणि यंत्र लावलं तरी वर्गातला गोंगाट आणि माझं लांबून बोलणं यात वाक्याची शेपटं गळून पडतात. मराठीत तर सगळा अर्थ शेपटातच! थोडं ऐकू येणाऱ्या मुलांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं असं माझं आता ठाम मत झालंय, कारण ती निभावून नेतात. मान हलवतात, हसतात, शेजारच्याचं बघतात, आणि आपण समजतो कळलं.

शुद्धलेखनाचं पण बोलतोच. मी तोंडाने शब्द सांगायचो आणि मुलांनी माझ्या ओठांकडे बघून लिहायचं. तुम्ही मला आरशासमोर उभं करून, आवाज न काढता पान, बाण, मान म्हणायला लावलंत. प, ब, म तिन्ही ओठांवर एकच दिसतात. क आणि ग तर घशाजवळ मागे होतात, दिसतच नाहीत. म्हणजे मी मुलांचे मार्क कापत होतो ते ओठ ओळखता आले नाहीत म्हणून, लिहिता आलं नाही म्हणून नाहीच. जिथे जिथे अजून असं शुद्धलेखन घेतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, बंद करा. खूण दाखवा, चित्र दाखवा, प्रसंग करून दाखवा आणि मग लिहायला सांगा.

गोष्ट वाचून दाखवायची असते तेव्हा कुठे बसायचं हे पण मला येत नव्हतं. मी मुलाला शेजारी घेऊन बसायचो, जसं कोणीही बसेल. पण त्याला माझे हात बघायचे, चेहरा बघायचा आणि पान पण बघायचं, आणि डोळे तर एकच जोडी! ऐकणारं मूल चित्र बघता बघता ऐकू शकतं, हे मूल एका वेळी एकच करू शकतं. तुम्ही समोर बसता, पुस्तक छातीजवळ धरता, पान उलटलं की थांबता, मुलाचं चित्र बघून होईपर्यंत हात हलवत नाही, मग त्याने वर बघितलं की गोष्ट खुणांनी सांगता, मग त्यातला एकच शब्द घेऊन खूण, पानावरचा शब्द, परत खूण. ते थांबणं मला फार जड गेलं, शिक्षकाला गप्प बसवत नाही. अजून पण कधीकधी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागतो, मग लक्षात येतं की पाठीला ओठ नसतात.

आता वहीबद्दल. तुम्ही प्रत्येक मुलाला एक गप्पांची वही दिलीत आणि माझ्या हातातला लाल पेन काढून घेतलात. मला वाटलं चुका तशाच राहतील. एका मुलाने लिहिलं, काल पाऊस मी भिजला. मी असतो तर तीन गोल केले असते. तुम्ही खाली लिहिलंत, अरे, तू काल पावसात भिजलास? मी पण भिजले! तुझी छत्री कुठे होती? आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, छत्री घरात राहिली, मी पावसात भिजलो. कोणी दुरुस्त केलं नव्हतं, त्याने तुमच्याच ओळीतून 'पावसात' उचललं. आणि मुख्य म्हणजे त्याला पहिल्यांदाच कळलं की लिहिलं की समोरून काहीतरी येतं. तोपर्यंत लिहिणं म्हणजे त्याच्यासाठी सरांना दाखवायची वस्तू होती.

एक गोष्ट लिहायला जड जातंय पण लिहितो. सुरुवातीला आपण चिठ्ठ्यांवर बोलायचो कारण मला साइन येत नव्हती, आणि तुमच्या चिठ्ठीत प्रत्यय इकडेतिकडे असायचे, आणि मी मनात म्हणायचो यांनाच मराठी नीट येत नाही तर या मुलांना काय शिकवणार. माफ करा. तुमच्या शाळेत हात बांधून बसवायचे आणि खूण केली की शिक्षा व्हायची हे तुम्ही मला खूप नंतर सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही कागदावर १८८० लिहून दाखवलंत. इटलीतल्या मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी ठराव केला की शिकवायचं ते बोलण्यातूनच, आणि १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर होता फक्त एक. १९६० मध्ये भाषेचे अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं की अमेरिकन साइन लँग्वेजला स्वतःची रचना आहे, ती भाषाच आहे, तरी मिलानच्या त्या ठरावांबद्दल खेद जाहीर व्हायला २०१० ची कॅनडातल्या व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. १३० वर्षं! आणि त्यातली काही तुमच्या लहानपणाची. तुम्हाला मराठी अर्धवट मिळाली ती तुमच्यामुळे नाही, मधली खुणांची भाषाच तुमच्याकडून काढून घेतली होती, आणि तरी तुम्ही 'ने' आणि 'ला' कुठे असतात ते शोधून काढलंत, एकट्याने, मोठेपणी.

आईबाबांसाठी तुम्ही जे करता त्यावर वेगळं पत्र होईल. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबाबांच्या घरी जन्मतात, म्हणजे घरात पहिल्या दिवशी कोणालाच खुणांचं काही येत नसतं. त्या पावसात भिजलेल्या मुलाची आई 'याच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही' म्हणत आली होती आणि तुम्ही तिला अभ्यासाचं काही न सांगता एका गोष्टीच्या वीस खुणा शिकवून पाठवलंत. ती आता रोज रात्री त्याला गोष्ट सांगते. त्याच्या लिहिण्यात त्यानंतर जो फरक पडला तो माझ्या तासांनी पडलेला नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

तुम्ही शाळेतून गेल्यापासून गप्पांच्या वह्या मी चालवतोय. त्याच मुलाने परवा लिहिलं, ताईने मला विसरलं का? विसरणं तुमच्याकडून निघालं आणि त्याच्यापर्यंत पोचलं, त्याने तुमचाच नियम लावलाय, आणि मराठीत नेमकं विसरण्याला 'ने' लागत नाही. मी पेन उचलला आणि ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात वही घेऊन मीच तुमच्याकडे येतोय ताई, त्याच्या ओळीखाली जागा सोडलीये, उत्तर तुम्ही लिहा.

तुमचा,
तिसरीचा सर