गणपतीपुळ्याचे शिंपले

संक्रांतीनंतरचा मंगळवार

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन मी कट केला. तुझ्या बाबांना रेंज गेली म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. "आई, तू सहीपुरती मेंबर होतीस, तुला यातलं काय कळतं?" असं तू म्हणालीस आणि मला पुढचं ऐकवेना. राग आला म्हणून नाही. तू खरं बोललीस म्हणून. पंचायतीतल्या त्या पाच वर्षांतली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती फोनवर सांगता आली नसती, म्हणून लिहायला बसले.

आधी अभिनंदन. ते रविवारी राहूनच गेलं. आपल्या गल्लीतून एष्टीनं कॉलेजला जाणारी पोरगी न्यूयॉर्कच्या असेंब्लीला, म्हणजे तिथल्या विधानसभेला, उभी राहतेय हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. तुझ्या बाबांनी मात्र दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून झालंय.

पक्षाची जिल्हा कमिटी तुझ्या पाठीशी आहे, असं तू म्हणालीस. अर्जाला लागणाऱ्या सह्या गोळा करायला माणसं त्यांची, सह्यांना कुणी हरकत घेतली तर वकील त्यांचे, पत्रकं त्यांची. मी एवढंच विचारलं, "आणि बदल्यात काय?" तू म्हणालीस, "काही नाही गं, असंच चालतं इथं." मग तू शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अल स्मिथचं नाव काढलंस. तोही टॅमनी हॉलच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या जुन्या गटाच्या, मशीनमधूनच वर आला आणि किती चांगला गव्हर्नर झाला बघ, म्हणालीस.

बघितलं, मनू. बाळाच्या वेळी मी आले होते तेव्हा तूच मला त्याच्या ऑलिव्हर स्ट्रीटवरच्या घरापाशी नेलं होतंस. तेव्हा जे सांगितलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय. राहिलेलं दादाच्या धाकट्याकडून मोबाइलवर वाचून घेतलं, एक दिवस नाही, आठवडाभर. आधी मला वाटायचं गव्हर्नर म्हणजे राजभवनातले राज्यपाल, दिल्लीहून नेमलेले. तिकडं तो लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, हे धाकट्यानं समजावलं.

तो माणूस मला आवडला, हे आधी सांगते. बाप गाडीवान, तो गेला तेव्हा पोरगं बारा-तेरा वर्षांचं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. फुल्टन मासळी बाजारात पहाटे चारला कामावर, आठवड्याला बारा डॉलर आणि घरी न्यायला मासे. 1895 ला गटानं त्याला ज्यूरी ऑफिसात समन्स वाटायची नोकरी लावली, वर्षाला आठशे डॉलर. 1904 ला आल्बनीला, न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, असेंब्लीत जाऊन बसला तर विधेयकातलं अक्षर कळेना. रात्री खोलीवर बसून एकेक कागद वाचत राहिला. ते ऐकून मला पंचायतीतली माझी पहिली मीटिंग आठवली. प्रोसिडिंग बुकावर सही करताना माझा हात थरथरला होता आणि ग्रामसेवक हसले होते. घरी आल्यावर मी तुझ्या चौथीच्या वहीच्या मागच्या पानावर सही गिरवत बसले. तू विचारलंस, "आई, तुला पण होमवर्क?"

मशीन म्हणजे काय हे मला कुणी समजावायला नको. आपल्याकडं त्याला गट म्हणतात. टॅमनीचा वॉर्डातला पुढारी थंडीत कोळसा पोचवायचा, पोरगा पकडला तर सोडवून आणायचा, मयताला खांदा द्यायला हजर असायचा. आपल्याकडं मयताला लाकडं, लग्नाला पाण्याचा टँकर, दवाखान्यात चिठ्ठी. हे सगळं ढोंग असतं असं मी म्हणणार नाही. तुझ्या बाबांना कारखान्यात कायम केलं ते गटाच्या शब्दावर. दादाला वसतिगृहात जागा मिळाली तीही त्याच शब्दावर. तुमच्या ताटातली भाकरी त्या शब्दाची होती, आणि म्हणूनच लेडीज जागा निघाली तेव्हा वाड्यावरून निरोप आला, "वहिनींना उभं करा," तर नाही म्हणायचं आमच्या मनातही आलं नाही.

तुझ्यावर असं काही देणं नाही, हे मला कळतं. तू स्वतःच्या पगारावर शिकलीस. तरीपण सह्या गोळा करणारी माणसं त्यांची, वकील त्यांचा. पुन्हा तेच लिहिलं. यावर येणार नाही असं ठरवून बसले होते.

त्या आगीच्या जागी तू मला नेलंस तो दिवस मी विसरले नाही. वॉशिंग्टन प्लेस, ट्रायँगल कंपनी, 25 मार्च 1911. आठवा, नववा, दहावा मजला. नवव्या मजल्यावरचं दार कुलूपबंद, अग्निशमनवाल्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचणाऱ्या. 146 जीव गेले, बहुतेक पोरीच, ज्यू आणि इटालियन, शर्टवेस्ट म्हणजे बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या. स्टीलच्या पट्टीत कोरलेली त्यांची नावं खालच्या काळ्या फरशीत उमटत होती आणि तू एकेक नाव मला वाचून दाखवत होतीस. स्मिथ त्या चौकशी आयोगाचा उपाध्यक्ष झाला. फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाईनं त्याला गावोगावच्या कारखान्यांत नेलं, ऑबर्नला दोरखंडाच्या कारखान्यातून दहा तासांची रातपाळी करून बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या. दोन-तीन वर्षांत तीसच्या वर कायदे झाले. आगीची दारं, कामाचे तास, पोरांना कामाला लावण्यावर बंधन. डबाबंद फळांच्या कारखानदारांना आठवड्याच्या सुट्टीतून सूट हवी होती. तेव्हा हा उभा राहून म्हणाला की सब्बाथ, म्हणजे देवाचा सुट्टीचा वार, पाळण्याची बायबलमधली आज्ञा मी नीट वाचलीय, त्यात डबाबंद फळांच्या कारखान्यांसाठी अपवाद लिहिलेला मला सापडत नाही. आणि हे सगळं गटात राहून, टॅमनीचा म्होरक्या चार्ल्स मर्फी याच्या संमतीनं. तेव्हा गट वाईटच असतो असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आपल्या अंगणवाडीचा स्लॅब मीही गटात राहूनच पाडून घेतला. अजून गळत नाही तो. एवढं एक मी अभिमानानं सांगते.

पण 1913 चं तू मला सांगितलं नव्हतंस. ते मला धाकट्याच्या मोबाइलवर सापडलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

विल्यम सल्झर नावाचा गव्हर्नर मर्फीच्या पाठिंब्यानंच निवडून आला होता. 1 जानेवारीला शपथ घेतली आणि थोड्याच दिवसांत मर्फी सांगेल ती माणसं नेमायला नकार दिला. उमेदवार थेट मतदारांनीच निवडावेत असा कायदा मागायला लागला, म्हणजे गटाच्या मुळावरच घाव. ऑगस्टमध्ये असेंब्लीनं रात्रभर बसून त्याच्यावर महाभियोग मंजूर केला. अध्यक्षाच्या खुर्चीत कोण होतं? तुझा अल स्मिथ. 17 ऑक्टोबर 1913 ला सल्झरला पदावरून काढलं. न्यूयॉर्कच्या इतिहासात महाभियोगानं गेलेला तो एकटाच गव्हर्नर.

मला झोप लागली नाही ती एवढ्यानं नाही. आरोप खरा होता, मनू. सल्झरनं निवडणुकीसाठी मिळालेले पैसे हिशेबात दाखवले नव्हते, त्यातून शेअर घेतले होते. कागद खरे होते. पण त्यासाठी त्याला कुणी काढलं नाही. मर्फीचं ऐकलं असतं तर ते कागद कधी बाहेर आलेच नसते.

आता माझी गोष्ट.

आपल्या सरपंच काकू. तुला त्यांची चिंचगोळ्या देणारी एवढीच आठवण असेल. त्या आमच्याच पॅनेलमधून निवडून आल्या होत्या. पाणी योजनेच्या पायपा कागदावर होत्या तेवढ्या जमिनीत नव्हत्या. काकूंनी स्वतः टेप घेऊन मोजल्या आणि बिलावर सही करायला नकार दिला. दोन महिन्यांत अविश्वास ठराव आला. कारण काय, तर शाळेच्या रंगकामाच्या चार हजारांच्या पावत्या काकूंकडं नव्हत्या. खरंच नव्हत्या. रंगाऱ्याला रोख दिले आणि पावती घ्यायची राहिली, त्यांनी स्वतः कबूल केलं.

ठरावाआधी आम्हा मेंबरांना दोन दिवस गणपतीपुळ्याला नेलं. तू विचारलंस तेव्हा मी सहल म्हणून सांगितलं. कुणी फुटू नये म्हणून नेतात, ते तुला आता कळत असेल. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. तुझ्यासाठी शिंपल्यांची माळ घेतली आणि येताना गाडीत रडले. पुढच्या सीटवरच्या बाईला वाटलं, मला घाट लागला.

तहसीलदारांनी मीटिंग घेतली. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हणाले. मी कारखान्याचा विचार केला, वसतिगृहाचा केला. आणि मनाशी म्हटलं, पावत्या तर नव्हत्याच ना, मग मी खोटं काय करतेय? हात वर गेला. काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, मीच घातली.

माझ्या काळजीचा मुद्दा हा आहे आणि रविवारी मला तो नीट सांगता आला नाही. ती माणसं तुला पैसे खायला सांगणार नाहीत. खोटं बोलायलाही सांगणार नाहीत, कारण तू ते करणार नाहीस हे त्यांना आत्ताच माहीत असेल. एखाद्या रात्री ती तुझ्यासमोर एक खरा कागद ठेवतील आणि हात वर कर म्हणतील. त्या सभागृहात, जिथं स्मिथ बसला होता त्याच सभागृहात. तेव्हा तू काय करशील?

वाचताना तुझा चेहरा कसा होईल ते मला इथं दिसतंय. शिकवायला लागले की मी थांबत नाही, दादाही हेच म्हणतो. माफ कर. तू चाळीशीला आलीस, तुला बरंवाईट कळतं, मी कोण सांगणारी?

पण अजून एक बघ. पुढं स्मिथ गव्हर्नर झाला तेव्हा मर्फीनं त्याला मोकळीक दिली म्हणतात. चार वेळा तो निवडून आला, दीडशेच्या वर सरकारी खाती-मंडळं एकत्र करून मोजक्या विभागांत आणली, त्या पर्किन्सबाईंना मोठ्या पदावर नेमलं. आणि 1922 ला त्यानं ठाम नकारही दिला. वर्तमानपत्रवाल्या हर्स्टला बरोबर घेऊन लढ म्हणून त्याच्यावर दडपण आलं, तो म्हणाला, त्याच्याबरोबर मी तिकिटावर राहणार नाही. याच हर्स्टच्या पेपरांनी मुलांच्या दुधावरून त्याच्यावर घाण उडवली होती आणि त्याच्या आजारी आईला ते फार लागलं होतं. मर्फीला ऐकावं लागलं. म्हणजे नाही म्हणता येत होतं त्याला! पण ते कधी आलं? सल्झरनंतर नऊ वर्षांनी, गटालाच त्याची गरज होती तेव्हा. 1913 ला नाही म्हणाला असता तर नऊ वर्षं टिकला असता का? आणि टिकला नसता तर ते बाकीचं सगळं कुणी केलं असतं? मी रात्री हेच धरून बसते. काकूंच्या बाजूनं राहिले असते तर दादा शिकला असता का, तू शिकली असतीस का. मला उत्तर येत नाही. तुला येत असेल तर मला सांग, मनापासून विचारतेय.

1928 ला तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि पडला, स्वतःच्या राज्यातसुद्धा. कॅथलिक म्हणून लोकांनी नाकारलं हे तू सांगितलंस. पण टॅमनीचा शिक्काही त्याच्या पाठीवर तसाच होता. इतकी वर्षं इतकं काम करून तो पुसला गेला नाही. आपल्या गावात अजून मला कुणी मेंबरीणबाई म्हणालं की मला तो वर गेलेला हात आठवतो.

उभी राहू नकोस असं मी म्हणत नाही. रविवारी तसं निघालं तोंडातून, ते मी मागं घेते. उभी राहा. फक्त थोड्या सह्या तुझ्या तू गोळा कर, स्वतः दारोदार जाऊन. दोनशे होईनात, शंभर होईनात. थंडीत कानटोपी घालून जा.

बाबांचा गुडघा बरा आहे. काठी घेत नाहीत, ऐकत नाहीत. धाकट्याची परीक्षा मार्चमध्ये आहे. तिळगूळ, भाजणी आणि बाळाला झबलं असं पार्सल शुक्रवारी टाकतेय.

काल मी काकूंकडं गेले होते. इतकी वर्षं रस्त्यात भेटलो की बोलायचो, पण घरी मी गेले नव्हते. नजर गेलीय त्यांची आता, आवाजावरून ओळखलं. बाबांनी सगळीकडं केलेला बोभाटा त्यांच्यापर्यंत पोचला होता. "मनू तिकडं उभी राहतीय म्हणं? किती मतं लागतात गं तिकडं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून सांगते. बाकी जे बोलायला गेले होते ते ओठावर आलं होतं, तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि तिथंच राहिलं. उद्या पुन्हा जाणार आहे. निघताना त्यांनी तुझ्यासाठी घरचं मेतकूट दिलं. पार्सलमध्ये ते वेगळ्या पिशवीत बांधलंय, भाजणीबरोबर मिसळू नकोस. आणि किती मतं लागतात ते कळव, त्यांना सांगायचंय.

तुझी,
आई