हॅलोविनचा भोपळा आणि करवंटीतली मेणबत्ती

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या वसई परिसरातील एका गृहसंकुलात होणाऱ्या हॅलोविनच्या कार्यक्रमाची बातमी आली होती आणि तीत हा ‘ख्रिश्चनांचा भुतांचा सण’ असल्याचे म्हटले होते. नेमक्या त्याच दिवशी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सअ‍ॅप गटावर, हा सैतानाचा वाढदिवस असल्याने ख्रिस्ती पालकांनी मुलांना या प्रकारापासून दूर ठेवावे, असा इशारा फिरत होता. एकच दिवस एकाच्या लेखी आमचा सण आणि दुसऱ्याच्या लेखी आमच्या वैऱ्याचा, म्हणजे दोघांनीही मूळ पाहिलेले नाही. शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवलेला एक कॅथलिक म्हणून याविषयी चार गोष्टी मांडाव्यात असे वाटते.

मुळात हॅलोविन या नावात भूत नाही, संत आहेत. जुन्या इंग्रजीत संतांना ‘हॅलो’ (hallow) म्हणत आणि १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली संत ठरले, म्हणून त्यांचा स्वतंत्र सण आहे. पण ज्यांची नावेही उरली नाहीत अशा असंख्यांचे काय, या प्रश्नातून हा सण निघाला. पोप चौथे बोनिफेस यांनी ६०९च्या सुमारास रोममधील पँथिऑन हे जुने देवालय मरियामाता आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केले, तो दिवस १३ मेचा होता. पुढे इंग्लंड आणि जर्मन प्रदेशांत १ नोव्हेंबर ही तारीख रुळली आणि नवव्या शतकात ती पश्चिम युरोपभर पसरली. त्याला जोडून २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करण्याची प्रथा फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली.

आता नेहमीचा आक्षेप असा की, आयर्लंडच्या केल्टिक लोकांचा ‘सॉविन’ नावाचा सण चर्चने बळकावला. सॉविन होता, यात शंका नाही. गुरे कुरणांवरून घरी आणण्याचा आणि हिवाळा सुरू होण्याचा तो काळ, आणि त्या रात्री अदृश्य लोकाची दारे उघडतात अशी समजूतही होती. परंतु त्याबद्दल जे लिखित स्वरूपात आपल्यापर्यंत पोहोचले, ते ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडमध्ये कैक शतकांनंतर लिहिले गेले आहे. शिवाय जुन्या आयरिश सणावळीत सर्व संतांचे स्मरण २० एप्रिलला होते. ज्या देशाचा सण बळकवायचा, त्याच देशात सण वेगळ्या तारखेला पाळला जावा, हे या आरोपात बसत नाही. शेकोट्या किंवा सफरचंदांचे खेळ जुन्या रूढीतून आले असतीलही. त्यात मला लाजण्यासारखे काही दिसत नाही. आमच्याकडे भाताची पहिली कणसे आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, देवळात आशीर्वादासाठी येतात, ती काय पोर्तुगीज येण्यापूर्वी या शेतांत पिकत नव्हती?

हॅलोविनला जो भोपळा कोरून आत दिवा लावतात, त्याची गोष्ट तर अधिकच मौजेची आहे. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसापूर्वी तो आयर्लंडनेही पाहिला नव्हता आणि घारगे तळणाऱ्या कोकणानेही नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमधील मुले सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ते लोक दुष्काळ आणि दारिद्र्यामुळे अमेरिकेला गेले, तिथे त्यांना कोरायला सोपा आणि आकाराने मोठा भोपळा मिळाला. त्या दिव्याशी जोडलेली जॅकची लोककथा अशी की, या लबाड माणसाने सैतानाला झाडावर चढवले, खोडावर क्रूस कोरून अडकवून ठेवले आणि ‘माझा आत्मा नेणार नाही’ असे वचन घेऊनच सोडले. मेल्यावर स्वर्गाने त्याला घेतले नाही आणि वचनात बांधलेल्या नरकानेही नाही. तेव्हापासून तो सलगमात निखारा ठेवून अंधारात वाट शोधतो आहे. आपल्याकडे चकवा लागलेला माणूस जसा रात्रभर त्याच शेताला फेऱ्या घालतो, तसाच हा. या कथेत क्रुसापुढे सैतान हतबल आहे. हिला सैतानपूजा म्हणायचे, तर नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली कारीट फोडणारा मुलगाही नरकासुराचा भक्तच म्हणावा लागेल.

दारोदार खाऊ मागण्याच्या प्रथेचे एक मूळ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सापडते. तिथे या दिवसांत गोरगरीब घरोघर जात, लहान गोड पाव घेत आणि बदल्यात त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना म्हणत. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मृतांसाठी प्रार्थना करणेच तिथे निषिद्ध ठरले, पण मागणे मात्र उरले. आजचे ‘खाऊ द्या नाहीतर खोडी काढू’ हे विसाव्या शतकातील उत्तर अमेरिकेचे आहे, आणि त्यापुढचा इतिहास मिठाईवाल्यांचा. या दिवशी मुले घालतात त्या सांगाड्याच्या वेषाविषयी फार लिहीत नाही. राखेच्या बुधवारी ‘तू माती आहेस आणि मातीस परत मिळशील’ हे ऐकत मोठ्या झालेल्यांना कवटीचे भय वाटू नये.

मला स्वतःला खटकतो तो चेटकिणीचा मुखवटा, आणि तोही सैतानामुळे नाही. १२३३ साली पोप नववे ग्रेगरी यांनी जर्मनीतील तथाकथित पाखंड्यांविषयी लिहिलेल्या पत्रात, त्यांच्या कथित सैतानपूजेच्या वर्णनात, काळ्या मांजराचा उल्लेख आहे. पुढे पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि मारणाऱ्यांत कॅथलिकही होते व प्रोटेस्टंटही. ज्या राज्याला बाईला ‘भुताळीण’ ठरवून छळण्याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला, तिथे टोकदार टोपी विकत घेताना ख्रिस्ती माणसाने तरी क्षणभर थांबावे.

दोष आमचाही आहे. १९५५ साली रोमने सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या उपासनेच्या पंचांगातून काढून टाकली. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ आम्हीच रिकामी सोडली, आणि रिकाम्या घरात कोण शिरले याची तक्रार आता आम्हीच करतो आहोत. माझा नातू त्या कार्यक्रमाला सांगाडा होऊन जाणार आहे. मी त्याला अडवलेले नाही. दोन दिवसांनी माझ्याबरोबर त्याच्या पणजीच्या थडग्यावरचे गवत काढायला यायचे, एवढेच कबूल करून घेतले आहे.

आपल्या बातमीतील ते वर्णन कृपया दुरुस्त करावे. आणि जमल्यास २ नोव्हेंबरला सायंकाळी पाचनंतर आपल्या छायाचित्रकारास आमच्या किनाऱ्यावरील एखाद्या दफनभूमीत पाठवावे. खाऱ्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून तिथे काही घरची माणसे मेणबत्त्या करवंटीत लावतात, त्यामुळे छायाचित्र थोडे वरून घ्यावे लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, वसई