नागिणीवरचा पाला तपासायचा तर जिवंत पेशी हव्यात

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

मी धुळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. खान्देशात नागीण उठली की आजही कित्येक जण आधी ती उतरवणाऱ्याकडे जातात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती घराघरात आहे. असायक्लोव्हिर हे विषाणूरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायला हवं आणि नेमके तेच तास पाला लावण्यात जातात.

त्या पाल्यात काही गुण आहे का, हे आमच्या मुलांना तपासायचं असतं. पण जिवाणू आगरवर, म्हणजे पोषक जेलीवर वाढतात; नागिणीचा विषाणू हर्पिस कुळातला, तो जिवंत पेशीशिवाय वाढत नाही. मग अर्क जिवाणूंवर तपासून प्रबंध उरकला जातो. मूळ प्रश्न तसाच राहतो.

खरी चाचणी अशी असते. प्लेटच्या तळाशी व्हेरो पेशींचा (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या) सलग थर वाढवायचा, त्यावर एचएसव्ही-१ हा हर्पिस कुळातलाच विषाणू सोडायचा, मग औषध घालायचं. दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की शाबूत थर जांभळा दिसतो आणि विषाणूने पेशी मारल्या तिथे रंगहीन भोकं. ती एकेक करून मोजायची. शेजारच्या प्लेटवर विषाणू नसतोच, नुसता अर्क. कारण अर्काने पेशीच मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? वनस्पतींच्या बाबतीत फसगत होते ती इथेच. (नागिणीचा विषाणू वाढवणं याहून किचकट, तो पुढचा टप्पा.)

असायक्लोव्हिर असताना नवं कशाला, असं कुणी म्हणेल. ते चालू व्हायला विषाणूचंच थायमिडीन कायनेज हे विकर (एन्झाइम) लागतं. ते विकर बिघडलेला विषाणू औषधाला दाद देत नाही आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णात तो जिवावर बेततो. जपानने २०१७ साली नागिणीसाठी मंजूर केलेलं अमेनामेव्हिर वेगळ्याच जागी घाव घालतं. म्हणजे वाट आहे.

कोरोनात आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्या विषाणू ओळखतात, पण औषध विषाणूला रोखतं का, हे त्यांतून कळत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांतल्या एकात जैवसुरक्षा स्तर-२ची (मध्यम धोक्याचे जंतू हाताळता येतील अशी) पेशीसंवर्धन प्रयोगशाळा द्या आणि ती फार्मसी कॉलेजांना व विद्यापीठाला खुली ठेवा. पेशी गोठवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो रेतमात्रांसाठी पशुसंवर्धन खात्याकडे येतोच.

जनरेटर मात्र हवाच, आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञ हवा. पेशींना दिवाळीतही पोषणद्रव बदलून द्यावं लागतं. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा माणूस हात बसेपर्यंत निघून जातो.

आपला नम्र,
औषधनिर्माणशास्त्राचा एक प्राध्यापक, धुळे